समुद्रकाठची सुट्टी : देहाला विसावा, पाण्याला मान

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की नागपुरात घरोघरी एकच चर्चा सुरू होते, यंदा कुठे जायचे? पूर्वी आपली धाव चिखलदरा नाहीतर पचमढीपर्यंत असे. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पाही खुला झाला आणि समुद्र जवळ आला. गुहागर, मुरूड-हर्णै, गणपतीपुळे, तारकर्ली अशा ठिकाणी नारळी-पोफळीच्या वाडीत राहण्याची घरगुती सोय होते. माझ्याकडे तपासणीसाठी येणारी मंडळी हल्ली विचारतात, "डॉक्टरसाहेब, समुद्राची हवा मानवेल ना?" हवा मानवते, पण तिचे काही नियम आहेत. ते आज पाहू.

विसावा हेही औषधच

सुट्टी म्हणजे चैन, असे मानणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत हृदयविकाराचा धोका असलेल्या बारा हजारांहून अधिक मध्यमवयीन पुरुषांची नऊ वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. नियमाने सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. अर्थात प्रकृती बरी असलेला माणूसच प्रवासाला निघतो, हेही खरे. म्हणून केवळ सुट्टीने आयुष्य वाढते असे मी म्हणणार नाही. परंतु झोप पुरी होते, चालणे होते, घरातली माणसे एकमेकांशी बोलतात, याचा लाभ होतोच.

हा लाभ पदरात पाडून घ्यायचा तर पाच दिवसांत सात गावे पाहण्याचा हट्ट सोडावा. एकच घर घ्यावे आणि तिथेच राहावे. आणखी एक गोष्ट. तिकडे जाऊनही घरातील गृहिणीला दोन्ही वेळ पोळ्या लाटाव्या लागल्या, तर ती सुट्टी तिची झाली नाही. जेवण घरमालकांकडे सांगावे.

कूलर तिकडे का चालत नाही?

आपण ४५ अंशांचे ऊन सोसणारी माणसे, कोकणातले ३३-३४ अंश ते काय, असा समज असतो. तो घातक आहे. आपल्या कूलरची गंमत आठवा. वाळ्याच्या ताट्या भिजतात, कोरडी हवा त्यातले पाणी शोषून घेते आणि थंडावा मिळतो. हवाच दमट असेल तर पाणी उडत नाही आणि थंडावाही येत नाही. घामाचे नेमके असेच आहे. घाम नुसता निथळून शरीर थंड होत नाही, तो वाळावा लागतो. नागपुरात घाम आल्याआल्या वाळतो. किनाऱ्यावर तो अंगावरून ओघळत राहतो. मीठ-पाणी जाते, आतला ताप मात्र तसाच राहतो.

म्हणून पहिले दोन दिवस बेताने घ्यावेत. सैल सुती कपडे घालावेत. सकाळी दहापूर्वी आणि दुपारी चारनंतरच वाळूत फिरावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळणे, लघवी पिवळीजर्द होणे या धोक्याच्या सूचना आहेत. जवळ मीठ-साखरेची पाकिटे (ओआरएस) ठेवावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.

भरती-ओहोटीचे गणित

आता खरा जीवनमरणाचा मुद्दा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिरा येथे पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी समुद्रात बुडून मरण पावले. तरुण, धडधाकट मुले होती ती. तरणतलावात शिकलेले पोहणे समुद्रात पुरे पडत नाही, हे आपण मैदानी प्रदेशातल्या माणसांनी पक्के ध्यानात ठेवावे.

किनाऱ्यावरच्या लोकांकडे एक सोपा हिशेब असतो. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या आसपास. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, म्हणून घरमालकांना किंवा कोळीबांधवांना विचारूनच पाण्यात उतरावे. पाणी ओसरत असताना आत ओढ लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ अधिक असते. मे अखेरीस समुद्र खवळू लागतो आणि जूनच्या आरंभापासून यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते. कोळी जेव्हा होडी ओढून घेतात, तेव्हा आपण पाण्यात काय म्हणून शिरावे?

दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधलाच एक पट्टा शांत दिसतो. अनोळखी माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच परत जात असते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये, दम संपतो. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून मदत मागावी. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडावे. पोहता न येणाऱ्याने गुडघ्यापलीकडे जाऊ नये. मुले हाताच्या अंतरावरच हवीत. मद्य घेतलेल्याने पाण्याजवळही जाऊ नये.

कोणी बुडत असेल तर

बुडणारा ओरडतोच असे नाही. बहुधा तो आवाज न करताच खाली जातो. त्याला वाचवायला उडी घेऊ नये, एकाचे दोन होतात. दोर, ओढणी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाती लागेल ते फेकावे. बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे हे सारे चुकीचे आहे, त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास नसेल तर उताणे निजवून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावेत, छाती दाबण्यास सुरुवात करावी आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात नेलेच पाहिजे. त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

पथ्यपाणी आणि औषधे

मधुमेहींनी अनवाणी वाळूत फिरू नये. पायांची संवेदना कमी असल्यास तापलेल्या वाळूने भाजते आणि कळतही नाही. इन्सुलिन बंद गाडीत ठेवू नये, थर्मासमध्ये किंवा गार माठाजवळ ठेवावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे, मनाने ती बंद करू नये. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचा डोळा लागतो, म्हणून रात्रीचा प्रवास टाळलेला बरा. घाटात उलटी होणाऱ्याने पुढे बसून दूरवर पाहावे. उलटीची गोळी चालकाने घेऊ नये, झोप येते.

मासे ताजे आणि नीट शिजवलेले खावेत. कोळंबी-खेकड्यांची सवय नसेल तर आधी थोडेच खाऊन पाहावे. सोलकढी ताजीच प्यावी, नारळाचे दूध उकाड्यात लवकर नासते. विहिरीचे पाणी उकळून घ्यावे. जेलीफिशचा दंश झाल्यास चोळू नये, वाळू लावू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, चिकटलेले तंतू चिमट्याने काढून, सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे तो भाग बुडवावा. धाप लागली तर वेळ न दवडता रुग्णालयात जावे.

एवढी काळजी घेतली की बाकी दिवस कसे घालवायचे, हे डॉक्टरने सांगण्याची गरज नाही. ओटीवर बसा, आजी-आजोबांना बोलते करा, मुलांना वाळूत किल्ले करू द्या, दुपारी ताणून द्या. आणि परतल्यावर दुसऱ्याच दिवशी कचेरी गाठू नका, एक दिवस घरी ठेवा. सुट्टीने आलेली हुशारी दोन-चार आठवड्यांत ओसरते. ती टिकवायची तर रात्रीची वेळेवर झोप आणि संध्याकाळचा घरच्यांसोबतचा फेरफटका नागपुरातही चालू ठेवा. त्याला समुद्र लागत नाही.