उतारावरचा तोल

सायकल उतारावर वेगाने धावू लागली, की स्वार ब्रेक दाबतो. घर्षणाने चाक मंदावते आणि प्रश्न मिटतो. परंतु ज्या वाहनाला ब्रेकची मूठच नाही, ते उतारावर वेग कसा आवरत असेल? अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी डिसेंबर २००१ मध्ये जगापुढे आणलेले ‘सेगवे’ हे असेच वाहन. शेजारी शेजारी दोन चाके, मध्ये उभे राहण्याची फळी आणि समोर हँडल, एवढाच त्याचा पसारा.

तळहातावर काठी उभी तोलून धरणारे मूल आठवावे. काठी पुढे कलली, की ते हात पुढे नेते. सेगवेही तेच करते. त्यातील संवेदक सेकंदाला सुमारे शंभर वेळा कल तपासतात आणि स्वार झुकेल त्या दिशेला मोटर चाके नेते. उतारावर फळी उताराला समांतर न राहता जवळजवळ क्षितिजसमांतर राहते. मोटर चाकांना मागे रोखून धरते आणि स्वार ताठ उभा राहतो.

वेग कमी करण्यासाठी स्वाराने मागे झुकायचे असते. येथेच खरी मेख आहे. तळहातावरची काठी मागे कलवायची, तर हात आधी क्षणभर पुढे न्यावा लागतो. त्याचप्रमाणे या वाहनाला मंद होण्यापूर्वी किंचित वेगवान व्हावे लागते. म्हणूनच ताशी सुमारे २० किलोमीटरची मर्यादा गाठताच सेगवे चाके थोडी पुढे काढून हँडल मागे ढकलते आणि स्वाराला मागे रेलण्यास भाग पाडते. मोटरची सारी शक्ती आधीच खर्ची पडली असेल, तर ही क्रिया घडू शकत नाही. शिल्लक ठेवलेली शक्ती हाच स्वाराचा आधार होय.

उतारावर चाके रोखताना मोटर जनित्राचे काम करते आणि वीज उलट बॅटरीत जाते. वाहनासह शंभर किलो वजन शंभर मीटर खाली उतरले, तर सुमारे २७ वॅट-तास ऊर्जा मोकळी होते. नऊ वॅटचा दिवा तीन तास जळावा इतकी ती असते. काही भाग घर्षणात जातो. उरलेला बॅटरीला सामावून घ्यावा लागतो. पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल, तर तिच्यात जागा कोठली? मग वाहन इशारा देते, वेग आवरते. अशा वेळी खाली उतरून पायी चालणेच हिताचे.

बॅटरी रिती असणेही तितकेच घातक. बॅटरी उतरली असता स्वार पडू शकतो, असे आढळल्यावर २००३ मध्ये सुमारे सहा हजार सेगवे दुरुस्तीसाठी परत मागविण्यात आले होते.

मुलांच्या हाती आलेल्या छोट्या हॉवरबोर्डचा तोलही याच तत्त्वावर चालतो. रात्रभर चार्ज करून सकाळी प्रथम वाहनतळाच्या उतारावर धाव घेण्याऐवजी त्यांनी आधी सपाट जागेत थोडे फिरावे, उतारावर सावकाश जावे आणि डोक्याला शिरस्त्राण असावे. इशाऱ्याचा आवाज ऐकताच थांबण्याची सवय घरातल्या वडीलधाऱ्यांनीच लावावी. कारण तोल सांभाळणारे यंत्रही स्वाराने मर्यादा पाळली, तरच त्याला सांभाळू शकते.