चंद्रामागचे कारागीर

१९७३च्या फेब्रुवारीअखेरीस लंडनच्या तारांगणात पत्रकारांना आमंत्रण होते. 'पिंक फ्लॉइड' या बँडचा नवा अल्बम त्यांना ऐकवायचा होता. पाहुणे आले तेव्हा स्वागताला बँडचे चौघे उभे होते खरे, पण पुठ्ठ्याचे! प्रत्यक्ष हजर राहिला तो एकटा कीबोर्डवादक रिक राइट. बाकीचे तिघे रुसून घरी बसले होते. श्रोत्याला चारही बाजूंनी वेढणारे 'क्वाड्राफोनिक' मिश्रण वेळेत तयार झाले नव्हते, आणि कंपनीने साध्या स्टिरिओवर, त्यातही सुमार स्पीकरांवर, कार्यक्रम उरकायचे ठरवले होते.

ज्या अल्बमचे बारसे असे झाले तो 'द डार्क साइड ऑफ द मून'. १९७३ ते १९८८ या काळात तो अमेरिकेच्या 'बिलबोर्ड'च्या यादीत एकूण ७४१ आठवडे राहिला. त्याच्या जगभरातील खपाचा अंदाज साडेचार कोटी प्रतींच्या घरात जातो. एवढ्या यशाची गोष्ट सांगताना चार प्रतिभावंतांचे गुणगान करून मोकळे होणे सोपे असते. या अल्बमच्या जन्मकथेत मात्र पगारी ध्वनिमुद्रक आहेत, रोजंदारीवर आलेली गायिका आहे, स्टुडिओचा दरवान आहे आणि केरळात जन्मलेला एक कंपनीप्रमुखही आहे. श्रम किती जणांचे आणि श्रेय किती जणांना, हा हिशेब मांडल्याशिवाय ही कथा पुरी होत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या प्रेमगीतांचा कंटाळा आला. लांबलचक रचना, एका सूत्रात ओवलेली गाणी, बदलते ताल आणि स्टुडिओतल्या यंत्रांचा वाद्यासारखा वापर, ही त्यांच्या 'प्रोग्रेसिव्ह रॉक'ची लक्षणे. पिंक फ्लॉइडमधले रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिक राइट हे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुशास्त्र शिकताना एकत्र आले. गाणी लिहिणारा म्होरक्या सिड बॅरेट हा वॉटर्सचा केंब्रिजचा मित्र. मादक द्रव्ये आणि ढासळते मन यांमुळे १९६८मध्ये तो बँडबाहेर गेला आणि गिटारवादक डेव्हिड गिल्मर आला. डोळ्यांदेखत मित्राचे मन हातातून निसटताना पाहिलेली ही मंडळी होती. पुढे वेडेपण हा त्यांचा विषय झाला तो पुस्तके वाचून झाला नाही.

१९७१ संपत आले असताना कॅम्डनमधल्या मेसनच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बैठक बसली. वॉटर्सने कल्पना मांडली : माणसाला वेड लावणाऱ्या गोष्टी एका सूत्रात गुंफायच्या. काळाचा ससेमिरा, पैसा, प्रवासाची दगदग, मृत्यूचे भय, आपपरभाव. सगळे शब्द वॉटर्सचेच राहिले, चाली मात्र चौघांनी मिळून बांधल्या. काही माल जुनाच होता. राइटने आंतोनिओनीच्या 'झब्रिस्की पॉइंट' या चित्रपटासाठी पियानोवर एक रचना केली होती. दिग्दर्शकाने ती नाकारली. तीच पुढे 'अस अँड देम' झाली.

यानंतर त्यांनी जे केले ते आजच्या कोणत्याही रेकॉर्ड कंपनीला घाबरवून सोडेल. स्टुडिओत पाऊल टाकण्याआधीच त्यांनी सगळी रचना रंगमंचावर आणली. २० जानेवारी १९७२ रोजी ब्रायटनला पहिला प्रयोग झाला आणि यंत्रणा बिघडल्याने मध्येच थांबवावा लागला. पुढच्याच महिन्यात लंडनच्या रेनबो थिएटरात समीक्षकांनी तो ऐकला आणि वाखाणला. कोणीतरी चोरून केलेले ध्वनिमुद्रण बाजारात आले आणि तडाखेबंद खपले. मूळ अल्बम यायला अजून वर्ष होते! मधल्या काळात नावावरूनही अडचण झाली. 'मेडिसिन हेड' या दुसऱ्या बँडने १९७२मध्ये याच नावाचा अल्बम काढला, म्हणून पिंक फ्लॉइडने आपल्या रचनेला काही काळ 'एक्लिप्स' म्हटले. तो दुसरा अल्बम पडला आणि जुने नाव परत आले.

नाटक प्रयोगागणिक बसत जाते तशी ही रचना श्रोत्यांसमोर बसत गेली. जे रंगत नव्हते ते गळले. प्रवासावरचा भाग आधी गिटारची मोकळी जुगलबंदी होता. तो काढून तिथे सिंथेसायझरवरच्या आठ सुरांचा वेगाने धावणारा तुकडा आला. मृत्यूच्या भागात ऑर्गनवर धार्मिक पठण चाले, तेही गेले. स्टुडिओत शिरताना बँडला काय वाजवायचे हे बोटांना पाठ होते. राहिला होता प्रश्न ते कसे ऐकू यावे याचा.

१९७२च्या जूनपासून १९७३च्या सुरुवातीपर्यंत ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत सोळा ट्रॅकच्या टेपवर हे काम चालले, तेही सलग नाही. मध्ये अमेरिकेचे दौरे, रोलाँ पेटीच्या बॅलेसाठी फ्रान्सच्या वाऱ्या. शिवाय फुटबॉलचा सामना किंवा टीव्हीवर 'माँटी पायथन' असले की वाद्ये खाली! अशा वेळी मिक्सिंगच्या टेबलाशी एकटा उरत असे तो ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स. वय तेवीस, पगार आठवड्याला ३५ पौंड. बीटल्सच्या 'ॲबी रोड' अल्बमवर त्याने साहाय्यक म्हणून काम केले होते.

त्या टेबलावर काय चाले हे समजून घ्यायला 'मनी' गाण्याची सुरुवात पाहावी. वॉटर्सने बागेतल्या शेडमध्ये, पत्नीच्या मातीकामाच्या मोठ्या भांड्यात नाणी टाकून त्यांचा खणखणाट टिपला होता. त्यात कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याच्या यंत्राची घंटी, यंत्राची टकटक अशी भर पडली. आता हे आवाज तालात बसवायचे कसे? संगणक नाही, बटण दाबून आवाज मागेपुढे करण्याची सोय नाही. मग प्रत्येक आवाजाचा टेपचा तुकडा पट्टीने मोजून, ब्लेडने कापून, सारख्या लांबीचा केला. सात तुकडे चिकटपट्टीने जोडून त्यांची टोके एकमेकांना जोडली. ही गोल माळ यंत्रातून निघून माइकच्या स्टँडला वळसा घालून परत यंत्रात जाई आणि अखंड फिरत राही. गाण्याचा ताल ठरला तो असा, पट्टीवर मोजलेल्या सात मात्रांचा. आपल्या रूपक तालाची सवय असलेल्या कानांना तो चटकन पकडता येतो. गिल्मरच्या गिटारच्या जागी मात्र ताल सरळ चार मात्रांचा होतो, कारण तिथे त्याला मोकळे वाजवायचे होते.

'टाइम'च्या आरंभी एकदम ठणाणणारी घड्याळे ही पार्सन्सची देणगी. क्वाड्राफोनिक तंत्राचे प्रात्यक्षिक दाखवायचे म्हणून तो जुन्या घड्याळांच्या दुकानात गेला होता आणि एकेक घड्याळ वेगळे मुद्रित करून आला होता. बँडला ती टेप ऐकवली आणि गाण्याला प्रवेशद्वार मिळाले.

गाण्यांच्या मधून कुजबुजणारे, हसणारे आवाज कुठून आले, हा आणखी मजेशीर भाग. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहिले. शेवटची मारामारी केव्हा केलीत? तेव्हा तुमचे बरोबर होते का? मरणाची भीती वाटते का? स्टुडिओत जो सापडेल त्याला अंधाऱ्या खोलीत माइकपुढे बसवून ही कार्डे हाती दिली. शेजारच्या स्टुडिओत काम करणारे पॉल आणि लिंडा मॅकार्टनीही बसले, पण त्यांची उत्तरे फार सावध निघाली आणि वापरली गेली नाहीत. जगप्रसिद्ध बीटल बाद झाला आणि स्टुडिओचा आयरिश दरवान जेरी ओड्रिस्कॉल पास झाला! अल्बममधला शेवटचा माणसाचा आवाज त्याचाच. हृदयाचे ठोके विरत जाताना तो अल्बमच्या शीर्षकालाच छेद देणारे एक वाक्य सहज बोलून जातो. वेडे हसू आहे ते बँडचा रोड मॅनेजर पीटर वॉट्स याचे. अभिनेत्री नाओमी वॉट्स ही त्याची मुलगी.

आणि मग क्लेअर टोरी. मृत्यूवरच्या राइटच्या पियानो-रचनेत काहीतरी कमी पडत होते. पार्सन्सने पंचवीस वर्षांच्या या गायिकेचे नाव सुचवले. २१ जानेवारी १९७३ला, रविवारी, ती आली. शब्द नव्हते, चालही नव्हती. विषय तेवढा सांगितला गेला. सुरुवातीला ती चाचपडली, मग आपला गळा हे एक वाद्य आहे असे समजून गायली. आक्रोश, विनवणी, थकवा, शरणागती, सगळे निव्वळ आकारात. दोनतीन टेक झाले आणि आपला उगाच विचका झाला असे वाटून ती निघून गेली. मानधन ३० पौंड, तेही रविवारचा दर दुप्पट म्हणून. आपला आवाज घेतला गेला आहे हे तिला पुढे दुकानात अल्बम पाहिल्यावर कळले. 'द ग्रेट गिग इन द स्काय'ची रचना मात्र एकट्या राइटच्या नावावर लागली.

मिक्सिंगला वॉटर्स आणि गिल्मर यांचे पटेना. एकाला आवाज कोरडे आणि स्वच्छ हवे होते, दुसऱ्याला घुमारा हवा होता. तिऱ्हाईत म्हणून ख्रिस थॉमसला बोलावले गेले. कव्हरसाठी 'हिप्नोसिस' या डिझाइन संस्थेच्या स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल यांनी अनेक नमुने आणले. काहीतरी साधे, नेटके हवे असे राइटने आधीच सांगून ठेवले होते. चौघांनी क्षणात लोलकावर बोट ठेवले. प्रत्यक्ष चित्र काढले जॉर्ज हार्डीने. लोलकातून बाहेर पडणारे रंग मोजले तर सहाच भरतात, पारवा त्यात नाही. कव्हरवर बँडचे नाव नाही की फोटो नाही.

आता विक्री. इंग्लंडमध्ये पिंक फ्लॉइडचा श्रोता ठरलेला होता, अमेरिकेत मात्र त्यांचा 'मेडल' हा आधीचा अल्बम सत्तराव्या क्रमांकाच्या वर सरकला नव्हता. तिथे त्यांच्या रेकॉर्डी काढणाऱ्या 'कॅपिटॉल'ची सूत्रे १९७१पासून भास्कर मेनन यांच्याकडे होती. जन्म तिरुवनंतपुरमचा, शिक्षण डून स्कूल, सेंट स्टीफन्स आणि ऑक्सफर्डमध्ये. त्याआधी ते ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. मराठी घरांतून नाट्यपदे आणि भावगीते वाजली ती याच कंपनीच्या, कुत्र्याच्या चित्राच्या 'एचएमव्ही' तबकड्यांवर. बँडच्या व्यवस्थापकाने पुढच्या अल्बमसाठी 'कोलंबिया'शी बोलणे आधीच केले होते, म्हणजे पाखरू उडणारच होते. तरीही मेनन यांनी या अल्बमच्या प्रचारासाठी कंपनीची सगळी ताकद लावली. एप्रिल १९७३च्या अखेरीस तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि तोही एकाच आठवड्यासाठी. मायदेशी तो दुसऱ्या क्रमांकापर्यंतच पोचला. पहिले स्थान क्षणिक होते, पण यादीतली जागा त्याने वर्षानुवर्षे सोडली नाही.

पुढचा हिशेब बोलका आहे. पार्सन्सला उत्कृष्ट ध्वनिमुद्रणासाठी ग्रॅमी नामांकन मिळाले. बँडने पुढच्या कामाला बोलावले तेव्हा त्याने नकार दिला आणि स्वतःचा 'ॲलन पार्सन्स प्रोजेक्ट' उभा केला. रिक राइटला 'द वॉल' या नंतरच्या अल्बमच्या वेळी बँडमधून काढण्यात आले आणि त्याच्या १९८०-८१च्या प्रयोगांत तो स्वतःच्याच बँडमध्ये पगारी वादक म्हणून उभा राहिला. गंमत अशी, की त्या प्रयोगांत खर्च उत्पन्नापेक्षा जास्त झाला, म्हणून कमाई झाली ती फक्त पगारदाराची! फेब्रुवारी २००७मध्ये वॉटर्सने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर हा सगळा अल्बम सादर केला. टोरीची जागा तिथे दुसऱ्या गायिकेने भरली, पण गायची ती टोरीने त्या रविवारी घेतलेलीच वळणे.

याच मुद्द्यावर टोरी २००४मध्ये न्यायालयात गेली होती : चाल दिलेली नसताना जी गायिका ती जागेवर रचते, ती नुसती गायिका की रचनाकार? २००५मध्ये प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. तेव्हापासून त्या रचनेखाली दोन नावे छापली जातात : रिचर्ड राइट आणि क्लेअर टोरी.

वॉटर्सच्या शब्दांचे, राइटच्या स्वरसंगतीचे, गिल्मरच्या गिटारचे आणि मेसनच्या टेपप्रेमाचे मोल यामुळे कमी होत नाही. पण पट्टी घेऊन टेप मोजणारा, घड्याळांच्या दुकानात जाणारा, अंधाऱ्या खोलीत खरे बोलून जाणारा आणि परक्या होणाऱ्या बँडसाठी कंपनी पणाला लावणारा, यांच्यातले एक जरी वजा केले तरी हा अल्बम असा झाला नसता. आपल्याकडे शेकडो गाण्यांमागचे संयोजक, वादक आणि कोरसमधले गळे आजही निनावीच आहेत. त्या रेकॉर्डींची कव्हरे, स्टुडिओच्या नोंदवह्या आणि हयात असलेल्या वादकांच्या आठवणी गोळा करण्याचे काम कुणीतरी वेळेवर हाती घ्यायला हवे. न्यायालयाची पायरी चढूनच नाव छापले जावे, अशी वेळ प्रत्येक कारागिरावर येऊ नये.