'प्रायोजक' आणि प्रवासाचा कर्ता

'प्रायोजक' हा शब्द आज क्रीडांगणापासून व्याख्यानमालेपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. 'प्र' उपसर्गासह 'युज्' धातूपासून तो आला असून व्याकरणातील 'प्रयोजक' हा त्याचा सख्खा भाऊच होय. कर्त्यास प्रवृत्त करणाऱ्याला पाणिनी 'हेतु' म्हणतो, आणि कर्तृत्वही त्याला नाकारीत नाही. मराठीत 'फिरणे' चे 'फिरविणे' होते, तेव्हा हाच दुसरा कर्ता वाक्यात शिरतो.

मोटारसायकलीवरील दूरच्या साहसप्रवासांत हा दुसरा कर्ता म्हणजे वाहनाचा कारखानदार. २००४ साली इवान मॅकग्रेगर व चार्ली बूरमन हे नट लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला पोहोचले. त्या प्रवासाची 'लाँग वे राउंड' ही चित्रमालिका झाली. ऑस्ट्रियाच्या केटीएमने गाड्या देण्याचे नाकारले, जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने त्या दिल्या. गाडीचा दणकटपणा जाहिरातीने सांगण्यापेक्षा प्रवासाने दाखवावा, हे प्रयोजन उघडच होते. परंतु मंगोलियात कॅमेरा चालविणाऱ्याच्या गाडीचा सांगाडा तुटला. स्थानिकांनी वेल्डिंग करून तो सांधला, तरी गाडी धड चालेना. अखेर त्याच्यासाठी एक रशियन बनावटीची मोटारसायकल विकत घ्यावी लागली. हे सारे पडद्यावर आले! प्रयोजकाने क्रिया घडविली खरी, पण तिच्या वर्णनावर त्याची सत्ता चालली नाही.

२०१९ मध्ये हेच दोघे दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून लॉस एंजेलिसला गेले, ते हार्ले-डेव्हिडसनच्या विजेवरील गाड्यांवरून. बॅटरी कोठे भरता येईल, यावर तेव्हा दिवसाची मजल अवलंबून राही. तेथे 'ते फिरले' यापेक्षा 'त्यांना फिरविले' हा प्रयोग मला अधिक नेमका वाटतो.