कथात्म वाङ्मयातील लेखकाचा आवाज आणि सूर : सातारा-सांगलीकडील तीन कादंबऱ्या

कादंबरीच्या चर्चेत ‘निवेदक’, ‘लेखकाचा आवाज’ आणि ‘सूर’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने योजले जातात. वस्तुतः या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. कथा जो सांगतो तो निवेदक. शब्दांची निवड, वाक्यांची घडण, काय सांगावे व काय वगळावे यांविषयीचा निर्णय यांतून सबंध कृतीभर जाणवणारे व्यक्तित्व म्हणजे लेखकाचा आवाज. विषयाकडे आणि वाचकाकडे पाहण्याची त्या व्यक्तित्वाची त्या त्या प्रसंगीची वृत्ती म्हणजे सूर. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये प्रत्यक्ष लेखक आणि कृतीतून सूचित होणारा लेखक असा भेद केला. येथे अभिप्रेत असलेला आवाज या दुसऱ्या लेखकाचा होय.

हा भेद पारखण्यास सातारा-सांगलीच्या प्रदेशाइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच आढळेल. वि. स. खांडेकर यांचा जन्म १८९८ मध्ये सांगलीस झाला. अण्णा भाऊ साठे (जन्म १९२०) हे वाळवे तालुक्यातील वाटेगावचे. हे गाव पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ च्या विभाजनाने ते दक्षिण साताऱ्यात गेले आणि त्या जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. व्यंकटेश माडगूळकर (जन्म १९२७) हे पूर्वीच्या औंध संस्थानातील माडगूळचे. त्यांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये, तर ‘फकिरा’ आणि ‘ययाति’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. प्रदेश लगतचा, काळ जवळजवळ एकच. तरीही आवाज तीन.

‘ययाति’मध्ये ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा प्रथमपुरुषी निवेदन करतात. तिघांची दुःखे वेगळी, बाजू वेगळ्या. परंतु चिंतनशीलता, उपमांची आवड आणि अनुभवातून सुभाषितवजा निष्कर्ष काढण्याची रीत तिघांतही दिसते. निवेदक पालटले, आवाज पालटला नाही.

‘बनगरवाडी’तही निवेदन प्रथमपुरुषीच आहे. धनगरांच्या वस्तीत आलेला तरुण मास्तर ते करतो. तथापि येथे निष्कर्ष जवळजवळ नाहीत. दुष्काळाने वाडी ओस पडते तेव्हाही जे दिसले तेवढेच सांगितले जाते. शोक व्यक्त करण्याचे काम वाचकावर सोपविले आहे. या संयमामुळे सूर कोरडा होत नाही. उलट त्यातील आपुलकी अधिक खोल जाणवते.

‘फकिरा’चे निवेदन तृतीयपुरुषी आहे. व्याकरणाच्या दृष्टीने निवेदक कथेबाहेर उभा आहे. पण तो तटस्थ नाही. जोगिणीसाठी प्राण देणारा राणोजी आणि दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा यांच्या बाजूने तो उघडपणे बोलतो. अण्णा भाऊ शाहीर होते. पोवाड्यात शाहीर नायकाचा पक्ष घेतो व श्रोत्यांनाही घ्यावयास लावतो. तीच वृत्ती या गद्यात उतरली आहे.

यावरून निवेदनाचा पुरुष आवाज ठरवीत नाही आणि सूरही ठरवीत नाही, हे स्पष्ट होते. मूल्यमापनात या गोष्टीचे महत्त्व मोठे आहे. संयम हाच कलेचा एकमेव निकष मानल्यास ‘फकिरा’चा चढा सूर दोष ठरतो आणि सरकारी दप्तरात ज्यांची नोंद गुन्हेगार म्हणून झाली, त्यांची कैफियत मांडणारा आवाज वाङ्मयाच्या कक्षेबाहेर ढकलला जातो. याउलट आवेशालाच प्रामाणिकपणा समजल्यास ‘बनगरवाडी’तील मौन उदासीनता वाटू लागते. म्हणून अभ्यासकाने प्रथम सूर कोणता ते ओळखावे, तो कोणत्या श्रोत्याला उद्देशून आहे ते पाहावे, आणि त्यानंतरच तो कृतीच्या हेतूस पेलतो की नाही याचा निर्णय करावा.