माहितीपूर्ण संमती

माहितीपूर्ण संमती म्हणजे उपचाराचे स्वरूप, हेतू, संभाव्य धोके व पर्याय समजून घेऊन रुग्णाने स्वेच्छेने दिलेली परवानगी होय. संमतिपत्रावरील सही हा तिचा केवळ पुरावा असतो. शस्त्रक्रियेच्या तोंडावर, मजकूर न वाचता घाईने घेतलेली सही ही खऱ्या अर्थाने संमती ठरत नाही. मानवावरील वैद्यकीय प्रयोगांबाबत १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छेच्या संमतीला पहिले स्थान दिले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ रोजीचा निकाल या संदर्भात महत्त्वाचा मानला जातो. दिल्लीतील एका ४४ वर्षीय अविवाहित महिलेने पोटाच्या दुर्बिणीद्वारे तपासणीस संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर थांबलेल्या आईची परवानगी घेऊन तिचे गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकले. रुग्ण सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि ती शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य होते. म्हणून आईची संमती ग्राह्य धरता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. शस्त्रक्रिया हिताची होती, हा बचावही मान्य झाला नाही. भरपाई मात्र अवघी २५,००० रुपये देण्यात आली. माहिती देण्याबाबतची अधिक कडक अमेरिकी अपेक्षा न्यायालयाने स्वीकारली नाही. रुग्णाला निर्णय घेता येईल इतकी माहिती पुरेशी मानली.

१९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यानुसार सज्ञान, मानसिकदृष्ट्या सक्षम स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. पतीची सही कायदा मागत नाही. रुग्णालये मात्र अनेकदा मागतात.