पडण्याचे भय आणि पायांतील बळ

पडून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध स्त्रिया आमच्या अस्थिरोग विभागात नेहमीच येतात. शस्त्रक्रिया होते, हाड जुळते, आपणा देणगीदारांच्या साहाय्याने अनेकींच्या बिलाचा प्रश्नही सुटतो. परंतु घरी परतल्यावर उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकणाऱ्या आजींच्या मनातील भयाची नोंद केसपेपरवर क्वचितच होते.

हे भय पडलेल्यांनाच ग्रासते असे नाही. शेजारीण न्हाणीघरात घसरली, एवढे कानावर येणेही पुरते. मग देवदर्शन सुटते, जिना टळतो. घरची मंडळी प्रेमापोटी "तुम्ही बसा, आम्ही करतो" म्हणतात. बसून राहिल्याने मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल सावरण्याची सवय मोडते आणि जे टाळायचे तेच जवळ येते. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होत असल्याने स्त्रियांना त्याची किंमत अधिक मोजावी लागते.

न्यूझीलंडमधील ८० वर्षे व त्यावरील वयाच्या २३३ स्त्रियांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे निम्म्या जणींना भौतिकोपचारतज्ज्ञाने घरी जाऊन पायांच्या बळाचे व तोलाचे व्यायाम शिकविले. इतरांकडे तितक्याच भेटी केवळ गप्पागोष्टींसाठी झाल्या. वर्षभरात व्यायाम करणाऱ्यांच्या गटात पडण्याचे ८८ प्रसंग घडले, दुसऱ्या गटात १५२. ऐंशीनंतर काय व्यायाम करायचा, असे विचारणाऱ्या नातेवाइकांना आम्ही हेच आकडे सांगतो.

व्यायाम साधेच आहेत. हातांचा आधार कमी करीत खुर्चीतून उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर क्षणभर उभे राहणे, भिंतीलगत एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवीत चालणे. फेरफटका चांगलाच; परंतु तोल सुधारण्यास तो एकटा पुरत नाही. प्रारंभी जवळ कोणीतरी उभे असावे, मात्र हात धरून ठेवू नये. भय एकाएकी जात नाही, हळूहळू थोडे ओसरते. आठवड्यातून तीनदा, महिनोन्‌महिने व्यायाम करावा लागतो.

उठताना चक्कर येत असेल, दृष्टी अधू असेल वा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर व्यायामापूर्वी डॉक्टरांना भेटावे. येताना चालू असलेली सर्व औषधे पिशवीत घालून आणावीत.