जुना ट्रॅक्टर : दुरुस्त करावा की बदलावा ?

ट्रॅक्टर दहाबारा वर्षांचा झाला म्हणजे त्यावर आणखी खर्च करावा की तो विकून नवा घ्यावा, हा प्रश्न शेतकरीबंधूंपुढे उभा राहतो. अशा वेळी ‘आजवर इतका पैसा घातला, तो वाया कसा जाऊ द्यावा ?’ हा विचार प्रथम सोडावा. गेलेला पैसा कोणत्याही निर्णयाने परत येत नाही. हिशेब पुढील खर्चाचाच करावयाचा.

समजा, जुन्याच्या दुरुस्तीस सालीना ४० हजार रुपये लागतात. नव्यासाठी ६ लाखांचे कर्ज दरसाल दरशेकडा १० प्रमाणे काढल्यास पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे ६० हजार होते. किमतीतील घट निराळी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला खरा. परंतु तो लाभ एकदाच मिळतो, व्याज मात्र कर्ज फिटेपर्यंत चालते.

निळसर धूर निघू लागला, इंजिन तेल खाऊ लागले, एवढ्याने ट्रॅक्टर टाकाऊ ठरत नाही. झिजलेल्या रिंगा, लायनर व पिस्टन बदलता येतात. मात्र इंजिनामागून गिअरपेटी, तिच्यामागून हायड्रॉलिक असा क्रम लागला, किंवा सुटे भाग मिळेनासे झाले, तर मोह आवरावा. ऐन वापशावर यंत्र अडून पेरणी लांबल्यास होणारी हानी कारागिराच्या बिलात दिसत नाही. तीही जमेस धरावी.

सबब प्रत्येकाने वर्षभर दुरुस्तीची व खोळंब्याची वही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. जमीन थोडी असल्यास, भाड्याच्या ट्रॅक्टरचा खर्चही तीत शेजारी मांडून पाहावा.